लोखंडाची रेघ

मॅडमनी आलेखावर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "ही रेघ त्या दीर्घिकेची की आपल्याच यंत्राची?"

धुळ्यात देवपूरच्या कॉलेजात शिकवता शिकवता मी जळगावला मॅडमच्या हाताखाली पीएच.डी. करत होते, आणि माझ्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण त्या एका रेघेवर उभं होतं. त्या दीर्घिकेच्या मध्यावरचं कृष्णविवर आज शांत आहे. पण त्याच्यापासून बऱ्याच लांब असलेल्या वायूच्या एका ढगातून लोखंडाचे क्ष-किरण येत होते; आलेखावरची रेघ ती त्यांचीच. ढग आपणहून असा चमकत नाही. कधीकाळी कृष्णविवर भडकलं असणार आणि त्याचा उजेड उशिरा ढगापर्यंत पोचला असणार, असं माझं म्हणणं. अडचण एवढीच, की दुर्बिणीच्या यंत्रातलं लोखंडही तशीच रेघ उमटवतं. मी तेवढा भाग वजा केला होता. मॅडमना तो पुरेसा वाटत नव्हता.

"जुनं निरीक्षण काढा," त्या म्हणाल्या. "यंत्राची असेल तर रेघ जुन्या-नव्या दोन्हींत सारखीच दिसेल. तशी दिसली, तर हे प्रकरण प्रबंधातून काढायचं."

आबा, म्हणजे माझे वडील, डोळे तपासून घ्यायला माझ्यासोबत धुळ्याहून आले होते. डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे काळा चष्मा लावून ते दाराजवळच्या खुर्चीत बसले होते.

"बठ्ठं बरोबर शे ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"सगळं बरोबर आहे का ते आता बघू, आबा."

प्रोग्रॅम चालू केला आणि दिवे लुकलुकले. लॅपटॉपची बॅटरी अर्ध्यावर होती. मी चार्जरची पिन घट्ट धरून बसले. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

आलेख आला. जुन्या निरीक्षणातली रेघ आताच्या जवळजवळ दुप्पट उंच होती. मॅडमनी मला बाजूला सरकवलं, ढगाबाहेरचा रिकामा भाग स्वतः मोजला. तिथे फक्त यंत्राचीच रेघ होती, आणि ती दोन्ही वेळा सारखीच होती. त्यांनी सगळं पुन्हा एकदा केलं.

"ढग विझत चाललाय," शेवटी त्या म्हणाल्या. "रेघ त्याचीच आहे. लिहायला घ्या."

जिना उतरताना आबांनी माझा दंड धरला होता. "ते परत भडकी का?"

"कृष्णविवर परत भडकेल का, ते सांगता येत नाही," मी म्हणाले. धुळ्याच्या वाटेवर बस पारोळ्याला पोचेपर्यंत मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगत होते.