बुधरामची पाणबुडी

“बुडाली असती तं बुडू द्यायची होती! तुमची माय बसली होती का त्या पाणबुडीत?” शकुनने बुधरामसमोरच्या लॅपटॉपचं झाकण धाडकन मिटलं.

“वर दोन जहाजं घिरट्या घालून राहिले होते, शकुन,” बुधराम म्हणाला. “मालाच्या जहाजांची राखण करणारे. पाण्यातला आवाज बरोबर टिपतात. इंजिन बंद करून तळाले बसलो होतो. हललो असतो तं वरून बारुदाचे डबे पडले असते.”

“आन् इकडं सात डोंगे तुमची वाट पाहून राहिले होते, त्याचं काय?”

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात आज सकाळी सगळ्यांनी मिळून मासोळी घेरायची होती. आठ डोंग्यांचा गोल करायचा, बांबूंनी पाणी बडवत मासोळी जाळ्याकडे हाकायची. गोलात प्रत्येक घराची जागा ठरलेली. बुधरामची जागा रिकामी राहिली आणि हाकलेली मासोळी तिथूनच पळाली. घेराचा म्होरक्या सेवकराम याने तीनदा फोन लावला होता. बुधरामच्या कानावर हेडफोन. शकुन कालची मासोळी विकून पवनीच्या बाजारातून टोपलं घेऊन परतली, तर सेवकराम दारात उभा. चहालाही बसला नाही. “वहिनी, उद्या तुमच्या घरचं माणूस डोंग्यात दिसलं नाही, तं जागा टिकारामच्या जावयाले. कायमची,” एवढं बोलून गेला.

“बाबा, खेळ मधीच थांबवता येते,” कोपऱ्यातून खुशबू बोलली. लॅपटॉप तिच्या कॉलेजच्या अभ्यासाचा होता. “बटन दाखवलं होतं मी तुमाले.”

“थांबवला का त्याच्यात जीवच राहत नाही,” बुधराम म्हणाला. मग त्याचा चेहरा उजळला. “पण निसटलो ना! दोन जहाजांच्या मधी फट सापडली, तिथून हळूच—”

“फट! मासोळीलेही फटच सापडली! तुमीच ठेवलेली!”



धरणात बुडालेल्या गावाच्या झाडांत जाळं अडकलं की सोडवायला एकच माणूस होता, बुधराम. तो दम धरून खाली जाई आणि डोंग्यातले लोक श्वास रोखून आकडे मोजत. गेल्या साली कानाचा पडदा फाटला, डॉक्टरने बुडी बंद केली. हातात उरला बांबू. शकुनला हे सगळं कळत होतं. वर्षभर तिने ते पोटात घातलं होतं. पण त्याचं दुखणं सांभाळता सांभाळता घराची जागाच जायची वेळ आली होती.

“उद्या जाता का नाही? एका शब्दात सांगा.”

“पाणी बडवाले मी नाही जात. ते काय माझं काम आहे? पोरंसोरं हसतात.”

“घरात लपून बसता तेव्हा नाही हसत?”

घेराच्या डोंग्यात बाई बसत नाही. ती काठावर टोपलं घेऊन उभी राहते आणि मासोळी बाजारात नेऊन विकते. शकुनच्या सासूने आयुष्यभर तेच केलं, शकुननेही वीस वर्षं तेच केलं.

तिने दाराआडचा लांब बांबू काढून अंगणात आणून टाकला. शेजारणी कुंपणाशी थबकल्या. त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

“खुशबू, सेवकराम काकाले फोन लाव. उद्या आपल्या डोंग्यात मी बसणार हावो म्हणून सांग. आन् बाजारात टोपलं घेऊन तुये बाबा बसतील.”