खाड्याचे पाच दिवस

लग्न होऊन मी हिंगोलीला आले तेव्हा सासरची खानावळ चांगली चालत होती. माझं माहेर साखऱ्याचं. कोरडवाहू रान आणि दहा-बारा शेळ्या. घरात पाच माणसांच्या भाकरी करणाऱ्या माझ्या हातांना इथे रोज दुपारी तीस-चाळीस माणसांच्या भाकरी थापाव्या लागल्या. सासरे लवकर गेले होते आणि सासूबाईंनी खानावळ एकटीनं उभी केली होती. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. माझे मालक कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, त्यामुळे दिवसभर चुलीपाशी आम्ही दोघीच.

आत्याबाईंची एक सवय मला पहिल्या आठवड्यातच कळली. वाढून झालं की त्या लगेच आत येत नसत. पदर खोचून दाराशी उभ्या राहत आणि जेवणाऱ्यांची तोंडं बघत. पहिल्या घासाला कुणाची भुवई जरा हलली तरी आत येऊन मला विचारत, "मीठ जास्त झालं का गं?" कुणी अर्धी भाकर ठेवून उठला, तर त्याला दारात गाठत, "काहून ठेवली? करपली व्हती का?" रोजचा एखादा माणूस दिसला नाही, तर संध्याकाळपर्यंत दहा जणांना विचारून झालेलं असे, तो कुठं गेला म्हणून. माणूस जेवायचा, पैसे ठेवायचा आणि जायचा. उद्या तो परत यावा म्हणून आजची आमटी चांगली व्हायला लागायची, इतकं ते सरळ होतं.

मग दुष्काळ पडला. रेशनवर मिलो नावाचं परदेशी लाल धान्य मिळू लागलं, ज्वारी दिसेनाशी झाली. ओळखीचे दुकानदारही धान्य रोखीशिवाय देईनात. तेव्हा आत्याबाईंनी रोजच्या माणसांना सांगितलं, की महिन्याचे पैसे आधी द्या, मी धान्य भरून ठेवते. बदलून आलेले कारकून, मास्तर, जमीन मोजणी खात्यातली माणसं, सगळे बिऱ्हाडाविना राहणारे. त्यांनाही ते बरं वाटलं. पंधरा-सोळा जणांनी पैसे भरले. त्यांना आम्ही मेंबर म्हणायला लागलो. एकच नियम होता. खाडा धरायचा नाही. म्हणजे एखादा मेंबर एखाद्या दिवशी जेवायला आला नाही, तर त्या दिवसाचे पैसे परत मिळणार नाहीत.

दुष्काळ सरला. पाऊस झाला, ज्वारी आली. पण मेंबरांची पद्धत तशीच राहिली.

यात आत्याबाईंचा काही कावा होता असं मला आजही वाटत नाही. हळूहळू झालं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फोडणीत लसूण पडायचा, वरण घट्ट असायचं. तिसऱ्या आठवड्यात त्याच डाळीत एक तांब्या पाणी जास्त जायचं, चौथ्यात दोन. मेंबर कुठं जाणार होते? त्यांचे पैसे आमच्याकडे होते. पुढंपुढं आत्याबाई दाराशी उभ्या राहीनाशा झाल्या. कोर्टाच्या कामाला आलेली, एस.टी.नं उतरलेली रोख माणसं आली, की त्यांच्यासाठी त्या स्वतः बाहेर येत. "घ्या, घ्या, लाजू नका," म्हणत तूप सोडत. मेंबरांना मी वाढायची. आणि एक दिवस चुलीच्या कडेला दोन पातेली दिसायला लागली. पितळेचं रोखवाल्यांचं, जर्मनचं, म्हणजे अल्युमिनियमचं, मेंबरांचं. कोणतं कोणाचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला ते आपोआप कळलं होतं.

मेंबरांत एक मोजणीदार होते. पन्नाशीचे, कुठून तरी घाटाकडून बदलून आलेले, बायको वारलेली. भिंतीला टेकून कोपऱ्यातल्या पाटावर बसायचे. सगळे त्यांना मोजणीसाहेब म्हणत. कमी बोलायचे. एकदा आमटी वाढताना ते हळूच म्हणाले, "वहिनी, आज त्या पितळेच्या पातेल्यातली वाढाल का थोडी? तोंडाला चव नाही."

आत्याबाई आत चुलीपाशी होत्या. त्यांना ऐकू गेलं असणार. मी म्हणाले, "दोनी एकच हाय साहेब."

"बरं," ते म्हणाले आणि जेवायला लागले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत.

उन्हाळा होता. चुलीपुढं बसलं की पाठीचा कणा वितळतोय असं वाटायचं. वाढून झाल्यावर परातीत पीठ उरलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की कोपऱ्यातला पाट रिकामा आहे. आणि मला बरं वाटलं. दोन भाकरी कमी थापायच्या. हे मी आत्तापर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. उरलेलं पीठ मी झाकून ठेवलं आणि तोंडावर पाणी मारायला परसात गेले.

तिसऱ्या दिवशी मी आत्याबाईंना म्हणाले, "मोजणीसाहेब दिसून नाही राहिले."

"गेला असंल कुठं मोजणीला."

"सांगून जातात ते."

"पैसे आले ना त्याचे? न्हाई आला तर एक ताट वाचलं. तू काहून जिवाला लावून घेतीस?"

मी जिवाला लावून घेतलं नाही. चौथ्या दिवशी त्यांच्या पाटावर दुसरा एक मेंबर बसला. मोजणीसाहेबांच्या डोक्याचं तेल लागून त्या भिंतीवर एक काळपट गोल झाला होता, त्यालाच टेकून बसला तो. पाचव्या दिवशी तर मला आठवणही झाली नाही.

ते आले सुमारे तीन आठवड्यांनी. मी आधी ओळखलंच नाही. सदरा अंगावर लोंबत होता, हातात काठी, कानामागचं हाडही दिसत होतं. कोपऱ्यातला पाट त्या दिवशी मोकळा होता. ते भिंतीचा आधार घेत खाली बसले. मी पाणी ठेवलं. विचारलं, "काय झालं साहेब?"

"मुदतीचा ताप," ते म्हणाले. "घरमालकीण पुसेगावला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. पुढच्या दाराला तिचं कुलूप. माझी खोली मागच्या अंगाला. उठवत नव्हतं. पाचव्या दिवशी ती परत आली म्हणून वाचलो. तिनं टांगा करून दवाखान्यात नेलं."

आत्याबाई आवाज ऐकून दाराशी आल्या होत्या. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना तिथं उभं राहिलेलं बघत होते.

मोजणीसाहेब ताटाकडे बघत बोलत होते. "तुमच्याकडचा आवाज येत होता मला. तुमच्या परसापलीकडंच माझी खिडकी. ताटं वाजायला लागली की कळायचं, दुपार झाली. या मावशींचा आवाज यायचा. तुमचाही. वाटायचं, आता माझं ताट राहिलेलं दिसेल कुणाला तरी. येईल कुणीतरी बघायला."

आत्याबाई पटकन म्हणाल्या, "हे बघा साहेब, खाडा आमी धरत न्हाई. पैल्यापासून सांगून ठेवलेलं हाय. सगळ्यांना तोच नेम."

मोजणीसाहेबांनी मान वर केली. रागावले नव्हते. जरा गोंधळल्यासारखे दिसले.

"त्यासाठी नाही बोललो मी, मावशी," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वाढा वहिनी. पातळच वाढा. मला आता पातळच चालतं."

मी आत गेले. कोणत्या पातेल्यातलं वाढायचं म्हणून दोन्हींपुढं उभी राहिले. मग पितळेच्या पातेल्यातलं वाढून आणलं. त्यांनी दोन घास खाल्ले आणि हात थांबवला. फार तिखट होतं त्यांना. तशा पोटाला ते सोसणार नाही हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांची बदली झाली. जाताना ते भेटायला आले, आत्याबाईंना नमस्कार करून गेले. कुठं गेले, पुढं त्यांचं काय झालं, ते मला माहीत नाही.

काही दिवसांनी त्यांची घरमालकीण बाजारात भेटली. म्हणाली, "खोली रिकामी पडून राहिली. तुमच्या मेंबरांत कुणाला पाहिजे का बघा की. येऊन तर बघून जा." दुसऱ्या दिवशी भाकरी उरकून, वाढायचं आत्याबाईंवर टाकून मी गेले. आमच्याच परसाला वळसा घालून जायचं होतं. चालत जायला चूल पेटवण्याइतकाही वेळ लागला नाही.

खोली लहान होती. बाज काढून नेलेली, पण शेणानं सारवलेल्या भुईवर तिच्या चार पायांच्या खोलगट खुणा होत्या. खिडकी वरच्या बाजूला, तिच्यातून फक्त आमच्या लिंबाचा शेंडा दिसत होता. घरमालकीण खोलीची जादा चावी शोधायला पुढच्या घरात गेली. मी त्या चार खुणांच्या मध्ये उभी राहिले, मग का कोण जाणे, खाली बसले.

आमच्याकडे पंगत बसली होती. ताटं मांडल्याचा आवाज आला. पाट सरकवल्याचा. तांब्या कशावर तरी आपटला. कुणीतरी खोकलं आणि तो खोकणारा मेंबर कोणता हेसुद्धा मला ओळखता आलं. मग आत्याबाई म्हणाल्या, "घ्या, घ्या, लाजू नका." अगदी माझ्या कानाशी म्हटल्यासारखं. थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली, "ए पोरी, काहून उशीर करून राहिलीस?" मी तोंड उघडलं, पण ओ देता येईना. मला भीती वाटली. मी इथून ओरडले तर ते तिकडं ऐकू जाईल की नाही, हे मला माहीत नव्हतं, आणि मला ते कळायला नको होतं. मोजणीसाहेब ओरडले असतील का, असं त्या क्षणी पहिल्यांदा मनात आलं. ताटांच्या आवाजात, माझ्याच बोलण्याच्या आवाजात एखादी हाक येऊन गेली असेल, आणि मी तेव्हा परातीत पीठ मळत असेन. पाच दुपारी होत्या त्या. त्यातली एकेक दुपार मी आठवून बघितली. आजही बघते. कधीकधी ऐकू आल्यासारखं वाटतं, पण ते मी नंतर घातलेलं आहे की तेव्हाचं आहे, ते सांगता येत नाही.

घरी गेल्यावर मी आत्याबाईंना म्हणाले, "सगळा आवाज जातो तिथं. तुमचा शब्दन् शब्द कळतो."

त्या आमच्या दोघींच्या जेवणाची भाकरी तव्यावर उलटत होत्या. "मग?" म्हणाल्या.

"मग काही न्हाई."

भाकरी करपल्याचा वास आला तरी त्यांनी ती काढली नाही. त्या दिवशी दुपारची आवराआवर झाल्यावर त्या कुठंतरी गेल्या. मी परसात भांडी घासणाऱ्या बाईला राख द्यायला गेले, तर पलीकडच्या त्या खोलीच्या दाराशी त्यांच्या चपला दिसल्या. बराच वेळ होत्या.

पुढल्या महिन्यात आत्याबाईंनी पैसे आधीच घेतले, पूर्वीसारखेच. धान्य भरायला दुसरा इलाज नव्हता. जर्मनचं पातेलं मात्र चुलीवरून गेलं. डाळ म्हणाल तर फार काही घट्ट झाली नाही. पण आता ती सगळ्यांना सारखीच पातळ होती, आणि रोखवाले त्यावरून बोलून दाखवत. बसस्टँडजवळ नवं हॉटेल निघालं तेव्हा त्यांतले बरेचजण तिकडं गेले.

आणि आत्याबाईंना एक नवीनच वेड लागलं. मेंबर आला नाही की त्या अस्वस्थ व्हायच्या. पंगत उठायच्या आत ताट वाढून, वर दुसरं ताट झाकून, स्वतः त्याच्या खोलीवर घेऊन जायच्या. मेंबरांना ते जाच वाटायचं. कुणी झोपलेला असायचा, कुणी मित्राकडे जेवून आलेला. एक कारकून तर चिडून म्हणाला, "मावशी, माझे पैसे, मी जेवीन नाहीतर नाही." आत्याबाई ताट त्याच्या उंबऱ्यावर ठेवून आल्या.

एका दुपारी त्या अशाच एका मास्तरांच्या खोलीवर गेल्या आणि परतल्याच नाहीत. मी बघायला गेले. मास्तर आपल्या गावी, हट्ट्याला गेले होते, हे मला वाटेतच कुणीतरी सांगितलं. दाराला बाहेरून कुलूप होतं. आत्याबाई पायरीवर बसल्या होत्या, झाकलेलं ताट मांडीवर. आमटी गार होऊन वर साय धरलेली होती.

"आत्याबाई, चला. मास्तर गावाला गेलेत," मी म्हणाले.

त्या कुलपाकडे बघत होत्या. "आतून आवाज येऊन राहिला का बघ गं जरा," म्हणाल्या.

मी दाराला कान लावला. काही नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण उठल्या नाहीत. मग मीही त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. ऊन भिंतीवरून खाली सरकेपर्यंत आम्ही दोघी तिथं बसून होतो.