जोंधळ्यातला कैदी

चेन्नईला निघालो तेव्हा एसटीच्या खिडकीशी उभं राहून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एवढंच सांगितलं, "ज्याच्या घरी जेवशील त्याच्याशी वाकडं वागू नको." आई डोळे पुसत होती. आबा माळाकडे बघत होते. त्या माळावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोऱ्या कैद्यांची छावणी होती. आता नुसते पायाचे दगड आणि बाभळी. आमच्या घरी हुरडा भाजत नाहीत ते तिच्यामुळेच. गावातल्या थोरांना ठाऊक आहे, तोंडावर कुणी बोलत नाही.

एक इटालियन कैदी कुंपणातून निसटून आमच्या जोंधळ्यात लपला होता. आजोबांनी त्याला तीन दिवस भाकरी-कांदा दिला. चौथ्या दिवशी छावणीवाल्यांनी दवंडी पिटली, कैदी सापडला नाही तर साऱ्या गावाचा उभा जोंधळा कापतील. कणसं हुरड्यात आली होती. आजोबा स्वतः छावणीच्या फाटकावर गेले आणि जागा दाखवून आले.

चेन्नईत मी रमलो, खोटं कशाला बोलू. अण्णा नगरात खोली, सकाळी कंपनीची बस, गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात मोटारींचे सुटे भाग, दुपारी सांबार-भात. गाव मागे पडलं याचं वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं. तिसऱ्या वर्षी सरपंचांनी एक इंग्रजी पत्र कुरिअरने पाठवलं. तुला वाचता येतं, तूच उत्तर दे म्हणाले.

पत्र त्या कैद्याच्या मुलाचं होतं. वडील मरेपर्यंत सहा बोटांच्या एका शेतकऱ्याची भाकरी आठवत होते, त्याच्या घरच्यांचे आभार मानायला यायचंय, असं त्यानं लिहिलं होतं. सहा बोटं गावात एका माझ्या आजोबांनाच होती. जागाही त्यांनीच दाखवली, हे त्या बाप-लेकांना कधी कळलंच नव्हतं.

आठवडाभर पत्र डब्याच्या पिशवीत घेऊन हिंडलो. झाकली मूठ सवा लाखाची, उत्तरच देऊ नये असं वाटे. शेवटी आबांना फोन लावला.

"येऊ दे त्याला," म्हणाले. "पण जेवायच्या आधी सांगायचं. जेवल्यावर सांगितलं तर दुसऱ्यांदा फसवल्यासारखं होईल. मला विंग्रजी येत नाही. तू सांग."

थंडीत तो आला. पन्नाशी उलटलेला, हात शेतकऱ्याचे. आईनं ताटं वाढली आणि मी सांगायला लागलो. आजोबा स्वतः गेले हेही गाळलं नाही. तो ताटाकडे बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "पीक वाचलं का?"

मी आबांना सांगितलं. "वाचलं," आबा म्हणाले, "साऱ्या गावाचं."

त्यानं मान हलवली. भाकरीला हात लावला नाही. तांब्यातलं पाणी मात्र सगळं प्यायला, आबांना हात जोडले आणि निघाला. आबा ओट्यावर बसून रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

गावकऱ्यांनो, तुम्ही गावात राहिलात, तुम्हाला तो माळ रोज दिसतो. बाहेर पडलो म्हणजे सुटलो, असं आम्हाला वाटतं. चेन्नईत ओळख झाली की माणसं आधी 'नेटिव्ह', म्हणजे मूळ गाव, विचारतात. मी जिल्ह्याचं नाव सांगून मोकळा व्हायचो. आता गावाचं नाव सांगतो, आणि समोरच्याला वेळ असला तर आजोबांची गोष्टही.