कलाबाईची विहीर नापास झाली

कोल्हारजवळच्या वस्तीवर कलाबाईच्या दारी कुणी टेकलं, की नितळ पाण्याचा तांब्या आधी पुढं. "आमच्या आजीच्या हातचं पानी कुनी घेत नव्हतं. आता घेत्यात, तर नाव ठेवायला जागा नको," असं ती ठसक्यात म्हणायची.

आणि नेमकी हिचीच विहीर नासावी! ओढ्याच्या वरच्या अंगाला डाळिंबाच्या रसाचा कारखाना झाला. त्याचं सांडपाणी झिरपलं, विहिरीला आंबूस वास सुटला, म्हशीसुद्धा तोंड लावीनात. नवऱ्यानं, रंभाजीनं, अर्जांवर अर्ज केले, तेव्हा कुठं तपासणीच्या साहेबांचा निरोप आला: उद्या येतो, विहिरीचं पाणी बाटलीत काढून ठेवा.

साहेब बाटली घेऊन गेले, आणि महिन्यानं तपासणीचा कागद आला. पाणी ठीक! कारखान्याचा मॅनेजर म्हणाला, "उगा बोंब मारता."

रंभाजीनं डोक्याला हात लावला. कारण मात्र कलाबाईला ठाऊक होतं. साहेबाच्या हाती घाण पाणी कसं द्यायचं, म्हणून तिनं ते उकळलं होतं, तुरटी फिरवली होती, चौपदरी फडक्यातून तीनदा गाळलं होतं. आता सांगावं, तर सरकारला फसवलं म्हणून बेडी पडायची. बाई झुरणीला लागली.

तो रस जायचा युरोपात. तिथला कायदा असा, की माल घेणाऱ्यानं बघायचं, आपल्यापायी दूर कुठं कुणाचं पाणी तर नासत नाही ना. म्हणून तिथल्या गिऱ्हाइकानं पुण्याहून दिशा नावाची मुलगी तपासायला पाठवली. तिनं विहिरीत डोकावून नाक दाबलं, कागद पुन्हा वाचला.

"मावशी, हे ठीक कसं?"

कलाबाईला रडूच फुटलं. "माजंच चुकलं गं बाई! मी गाळून दिलं. मला न्या, पन ह्यास्नी काई करू नका."

दिशाला हसू आवरेना. "तुम्हाला कोण नेतंय? चूक त्या साहेबांची. पाणी त्यांनी स्वतः काढायचं असतं." तिनं स्वतः पोहरा सोडला, बाटली भरली, सगळ्यांसमोर सील केली.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. पाणी पिण्यालायक नाही. सांडपाणी थांबेपर्यंत गिऱ्हाईक माल उचलणार नाही. मॅनेजरनं आजच पाइप बंद केलाय.

"म्हंजी नापास?" कलाबाईनं दोनदा विचारून घेतलं. मग उंबऱ्यावर आली आणि वस्तीला ऐकू जाईल अशी ओरडली, "अवो, ऐकलं का? आपलं पानी लई घान हाय!"