ब्रेकच्या दिवसाची सही

इथे सुकापुरात, आमच्या बिल्डिंगमध्ये, सुगरा नावाची नर्स राहते. माझ्या समोरचाच दरवाजा. सगळे तिला सिस्टर म्हणतात, मी सुगराच म्हणते, ती मला काकू. सरकारी दवाखान्यात पोरांना लसी टोचण्यात तिची उमेदीची वर्षं गेली, तरी ती सरकारची नोकर नाही. कंत्राटी आहे. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग चार-आठ दिवस ब्रेक, मग पुन्हा अकरा महिने. ब्रेक कशाला, तर सलग नोकरी झाली म्हणून उद्या कुणी हक्क सांगायला येऊ नये. असली अक्कल आपल्याकडे बरी सुचते.

आता ब्रेक असला तरी बुधवारचं लसीकरण काही थांबत नाही. ब्रेकमध्ये डॉक्टरांचा फोन यायचाच. "सिस्टर, मस्टरवर सही करू नका, पण या. तुमच्याशिवाय अडतं." आणि ही बया जायची. फुकट. मी म्हणायचे, "अगं, पगार नाही, हजेरी नाही, कशाला मरतेस?" तर म्हणायची, "आयांना तारीख मीच दिलेली असते काकू. उन्हातून पोरं घेऊन येतात बिचाऱ्या." वर डॉक्टरांनी गाजर दाखवून ठेवलेलं, कायम पदांची भरती निघाली की तुमचं काम लक्षात ठेवू. तिचा भाऊ शाहीद कुवेतला असतो. त्याने तिच्यासाठी तिथल्या हॉस्पिटलात जागा बघितली होती. तिने त्यावर पाणी सोडलं. का, तर इथे कायम होणार.

भरती निघाली मागच्या वर्षी. तोवर सुगराचं वय उलटून गेलेलं. पण कंत्राटी लोकांना वयाची सवलत होती. अट एकच, सेवा सलग हवी. ही संधी हुकली तर सरकारी नोकरी तिला या जन्मात नव्हती, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. ड्युटी करून, घरचं सगळं करून तिने अभ्यास केला आणि काल पास झालेल्या पोरींच्या पुढे नंबर काढला. कागद तपासायला बोलावलं तेव्हा सोबतीला मी गेले. टेबलामागच्या साहेबांनी तिच्या ऑर्डरी चाळल्या.

"दरवर्षी खंड आहे. सेवा सलग नाही."

"खंडातही मी कामावर होते, सर."

"मस्टरवर सही आहे?"

"करू नका म्हणाले होते."

"मग ज्यांनी सांगितलं त्यांच्याकडून तसं लेखी आणा."

ती डॉक्टरांकडे गेली. इतकी वर्षं तिची पाठ थोपटणारा तो माणूस म्हणाला, "सिस्टर, मी असं लिहून दिलं तर माझीच चौकशी लागेल. ऑर्डर नसलेल्या बाईला इंजेक्शनं कशी द्यायला लावलीत म्हणून." बरोबरच होतं त्याचं, आणि म्हणूनच माझ्या डोक्यात तिडीक जाते. सुगरा अपात्र ठरली. ती घरी आली आणि दार न उघडता तशीच जिन्यात बसून राहिली. रडलीबिडली नाही. मला म्हणाली, "काकू, मी होते ना तिथे?" मी तिला हाताला धरून आत नेलं आणि चहा करून दिला.

यंदाचा ब्रेक आला. त्यात बुधवार आला. डॉक्टरांचा फोनही आला, काही झालंच नाही अशा आवाजात. मी बजावलं, "गेलीस तर माझ्याशी बोलू नकोस." ती म्हणाली, "जाईन काकू. पण या वेळी सही करून काम करीन."

त्याच बुधवारी माझ्या नातवाची, राजसची, दीड महिन्याची लस होती. तारीख सुगरानेच दिलेली. सुनेला बरं नव्हतं, म्हणून त्याला मी घेऊन गेले. बाहेर बायकांची ही रांग. सुगरा आली, टेबलावरचं मस्टर पुढे ओढलं आणि आपल्या नावासमोर सही केली. चांगली ठसठशीत. डॉक्टरांनी ड्रॉवरमधून व्हाइटनर काढला, तिच्या डोळ्यांदेखत सहीवर फिरवला आणि लवकर सुकावा म्हणून फुंकर घातली.

"चला सिस्टर, पहिलं बाळ घ्या."

मला वाटलं, आता ही निघून जाईल. मनातून वाटत होतं, जावं. आणि मांडीवर राजस होता, त्याची लस राहून जाईल हेही वाटत होतं. घरी बसून उठसूट सरकारचा उद्धार करणारी मी, तिथे मूग गिळून बसले. पहिला नंबर आमचाच होता. सुगराने माझ्याकडे पाहिलं, मग राजसकडे. हात धुतले.

"पाय घट्ट धरा, काकू," ती म्हणाली.

मी धरला.