काशीची खोली गार झाली

इरफाननं नळी एसीच्या पोर्टला, म्हणजे गॅस भरायच्या तोंडाला लावली, फिरवली, काढली. फुंकर मारून पुन्हा लावली. बसेना.

"अम्मा, आपल्या नळीचं तोंड लहान पडतंय," तो म्हणाला.

इरफान माझ्या लातूरच्या दुकानातला मेकॅनिक. दाढी पांढरी झाली तरी मी त्याला पोरगाच समजते आणि तो मला अम्मा म्हणतो. आम्ही निलंग्यात मन्मथअप्पांच्या घरी होतो. मे महिना होता. भिंतीवर नवा कोरा स्प्लिट एसी टांगून झालेला, बाहेरचं युनिटही खोलीच्या दाराला लागून असलेल्या गच्चीवर बसलेलं. आतल्या खाटेवर अप्पांची बायको काशी पडली होती. तिचं डावं अंग लकव्यानं गेलेलं. पडून पडून पाठीला जखमा झालेल्या. कूलरच्या दमट हवेनं त्या वाळेनात, म्हणून डॉक्टरांनी कोरडी गार खोली सांगितली होती. कंपनीच्या माणसाला यायला आठवडा लागणार होता. म्हणून मला फोन.

खरं तर असली कामं मी घेत नव्हते. नवरा गेल्यापासून दुकानात फ्रीज, कूलर आणि जुने खिडकीतले एसी, एवढंच. पण काशीला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही.

त्याला कारण आहे. लग्न होऊन मी दुकानात बसायला लागले, तेव्हा माझी ऐट काय सांगू! ह्यांनी चार दिवस शिकवलं आणि मी स्वतःला इंजिनियर समजायला लागले. पदर खोचायचा, कानामागं पेन्सिल, गळ्यात गेजची नळी, डॉक्टरीणबाईच्या थाटात. काशी तेव्हा लातुरात आमच्या गल्लीत राहायची. तिच्या फ्रीजमध्ये गॅस मी भरला. दिव्यात तेल भरावं तसा, मावेल तेवढा. जास्त गॅस म्हणजे जास्त गार, असं माझं शास्त्र. दुसऱ्या दिवशी काशी दुकानाच्या पायरीवर उभी. "अगं ए इंजिनियरीणबाई, तुज्या फ्रीजला मागल्या नळीवर बर्फ आलाय कुल्फीसारका. आत दही आंबून चाललंय. मागल्या बाजूला फडताळ लावून देतीस का, तितं ठिवते दूध?" गल्ली हसली. ती मात्र महिनाभर माझ्याकडूनच फ्रीज दुरुस्त करून घेत राहिली. दुसरीकडं गेली नाही. आमची मैत्री ही अशी, बर्फावरची.

तर, नळी बसेना. इरफान खिशात हात घालून म्हणाला, "ॲडाप्टर हाय. लावू? आत्ता हुईल काम."

ॲडाप्टर म्हणजे लहान तोंडाला मोठं तोंड जोडणारा पितळी तुकडा. आता हे समजून घ्या. जुन्या एसीत जो गॅस असायचा, त्याच्यापेक्षा नव्या गॅसचं प्रेशर दीडपटीहून जास्त. जुनी नळी, जुना गेज म्हणजे ते प्रेशर दाखवणारं घड्याळ, त्या हिशोबानं बनलेलेच नाहीत. नळी फाटू शकते. तिच्या पोटात जुनं तेल चिकटलेलं असतं, तेही नव्या मशीनला चालत नाही. वर हा नवा गॅस जळणारा. पेट्रोलसारखा भडकत नाही, पण गळून बंद खोलीत साचला आणि शेजारी आग असली तर पेट घेऊ शकतो. चुकून जुनी नळी कुणी लावू नये म्हणून बनवणाऱ्यांनी पोर्टचं तोंडच मोठं केलं. आपण त्यावर ॲडाप्टर शोधला.

"नाही," मी म्हणाले. "हत्यारं नवी आणते. मग बसवू."

अप्पा दारात उभे होते. आडतीचं दुकान सोडून आले होते बिचारे. "वहिनी, इरफानभाई म्हनून राहिलेत की होतंय. एक दोन दिवसाचा तर प्रश्न हाय. मागून बदला की नळ्या."

"अप्पा, ही काही पायजम्याची नाडी नाही मागून बदलायला."

खाटेवरून काशी बोलली. तिचं तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द घसरत यायचे. "आजच बसीव की गं. पाठ... लई आग करून राहिली."

मी तिच्या उशाशी बसले. "काशे, परवा सकाळी येते. बर्फ बाहेर नाही, आतच पडेल ह्या वेळी."

तिच्या अर्ध्या तोंडावर हसू आलं. "बग हं इंजिनियरीणबाई," ती म्हणाली. "माजं दही आंबंल."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी नांदेडला गेले. लातुरात मिळत नव्हतं असं नाही, पण मेमध्ये जे उरतं ते उरण्याच्या लायकीचं असतं. नांदेडचे दुकानदार पांडुरंगराव ह्यांच्या वेळेपासूनचे ओळखीचे. त्यांनी काचेवर एक चकचकीत डबा ठेवला. आत सगळं लाल-निळं, बाहुलीच्या भातुकलीसारखं.

"आजी, हा फुल सेट. सगळ्या गॅसला चालतो."

"सगळ्यांना चालणारा जावई आणि सगळ्यांना चालणारं हत्यार, दोन्ही मी बघितलेत, पांडुरंगराव. नळीवर किती प्रेशर छापलंय ते वाचा."

त्यांनी चष्मा लावला, वाचलं आणि डबा मुकाट्यानं मागं ठेवला. आतून दुसरा आणला.

मी एक-एक बघून घेतलं. जास्त प्रेशरचा गेज आणि त्याच्या जाड नळ्या. फ्लेअरिंग टूल, म्हणजे तांब्याच्या पाइपचं तोंड सनईसारखं पसरवायचं हत्यार. तोंड एकसारखं पसरलं नाही तर जोड गळतो. माझं जुनं टूल अर्धं हातावर आणि अर्धं नशिबावर चालायचं, हे ठरल्या मापाला आपोआप सुटतं. टॉर्क रेंच, म्हणजे नट पुरेसा आवळला की 'टिक' करणारा पाना. जवानीत मी दात-ओठ खाऊन नट आवळायची, पाइपचं तोंड चिरायचं आणि मी म्हणायची, काय ताकद आहे बाई माझ्यात!

शेवटी व्हॅक्यूम पंप. पाइपातली हवा आणि ओल ओढून काढणारा. पूर्वी आम्ही थोडा गॅस सोडून हवा हुसकावायचो आणि काम झालं म्हणायचो.

"ह्यात उलटा व्हॉल्व्ह आहे का?" मी विचारलं.

"तो कशाला लागतो आजी? कोणी विचारत नाही."

"लाइट गेली की पंप थांबतो. मग पंपातलं तेल उलटं एसीत शिरतं. नांदेडात लाइट जात नसेल तर राहू द्या."

ते हसले आणि व्हॉल्व्हवाला पंप काढून दिला. पिशव्या घेऊन मी संध्याकाळी लातूरला आले. उन्हानं डोकं ठणकत होतं. पण मनात म्हणत होते, काशे, आता बघच.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमची गाडी निलंग्यात अप्पांच्या गल्लीत वळली तर दारात माणसं. चपलांचा ढीग. इरफाननं गाडी हळू केली आणि इंजिन बंद केलं. कोणाला काही सांगावं लागलं नाही.

पहाटे गेली होती. पाणी मागितलं, दोन घोट घेतले, मान टाकली.

आमच्या लिंगायतांत माणूस गेलं की त्याला आडवं ठेवत नाहीत. बसवतात. काशीलाही भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, नवं लुगडं. तिच्या शेजारी समई तेवत होती. बाया शिवाचं भजन म्हणत होत्या. नव्या एसीच्या बरोबर खाली ती बसली होती. कित्येक महिन्यांनी तिला मी ताठ बसलेलं बघितलं.

मुलगा मस्कतला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोचणार होता. तोवर थांबायचं. कोणीतरी म्हणालं, शवपेटी मागवा, गार राहील. तर घरातले एक म्हातारे म्हणाले, "बसल्याली बाई आडव्या पेटीत कशी मावंल रं?" पेटी राहिली. बाहेर ऊन पेटलं होतं.

अप्पा माझ्याजवळ आले. डोळे कोरडे. "वहिनी, मशीन चालू करा."

मी मानेनंच हो म्हणाले.

मग खालच्या आवाजात म्हणाले, "परवा इरफानभाई म्हनले होते, होतंय म्हनून."

मला उत्तर होतं. तांब्याचं, तेलाचं, प्रेशरचं, सगळं. मी इरफानला म्हणाले, "हत्यारं काढ."

आणि आता ऐका. समई विझवा म्हणायची माझी छाती नव्हती. माती होईपर्यंत ती तेवत ठेवायची असते. म्हणजे जळणारा गॅस, तेवती ज्योत, माणसांनी भरलेली खोली आणि मध्ये माझे चार जोड. जीव जायचा तो गेला होता. उरलेल्यांचे माझ्या हातात होते.

इरफाननं पाइपचं तोंड पसरवलं. मी बोट फिरवून बघितलं, कुठं चीर नाही, कुठं खरवड नाही. रेंच लावला. 'टिक'. भजनाच्या मध्येच तो आवाज आला आणि एका बाईनं दचकून वळून बघितलं. मग सिलिंडरमधला नायट्रोजन पाइपात भरला. हा जळत नाही, म्हणून गळती आधी ह्याच्यावर तपासायची. काटा चढला. माझा जुना गेज असता तर काटा शेवटाला टेकून बसला असता आणि गळती झाली तरी हलला नसता. हा मोकळा उभा राहिला. आता तासभर वाट बघायची, तो खाली येतो का.

"अजून किती येळ वो बाई?" कोणीतरी विचारलं. "न्हाई तर तसंच चालू करा की."

"काटा हलला नाही की करते."

मी काशीसमोर भिंतीला टेकून बसले. ती माझ्याकडं बघत नव्हती, पण मला तसं वाटत होतं. एकदा काट्याकडं, एकदा तिच्याकडं. दोघंही हलेनात.

नायट्रोजन सोडला, पंप लावला. तो घरघरायला लागला आणि थोड्या वेळानं लाइट गेली. पंखे थांबले. घाम, उदबत्ती, रडणं, सगळं एकदम जवळ आलं. व्हॉल्व्हनं 'खट' केलं आणि काटा होता तिथंच राहिला. इरफाननं माझ्याकडं बघून डोळे मिटून उघडले. लाइट आली तेव्हा आम्ही राहिलेलं काम पूर्ण केलं, बाहेरच्या युनिटचे व्हॉल्व्ह उघडले आणि गॅस आत सोडला. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही.

रिमोट अप्पांच्या हातात दिला. त्यांना चालवता येईना. त्यांचं बोट धरून मी बटण दाबलं.

पहिली गार झुळूक काशीच्या पदरावर आली. पदर हलला. भजन म्हणणाऱ्या बायांचा सूर तुटला. समईची ज्योत वाकली, पुन्हा सरळ झाली. एक म्हातारी काशीच्या खांद्यामागून पाठीवर हात ठेवून म्हणाली, "निजली असती गं माय आज."

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. खोलीत पाऊल टाकताच थंडीनं शहारला आणि तिथंच दारात बसला. आई तशीच होती, नीट. दुपारी तिला समाधी दिली.

घरी परतल्यावर अप्पांनी रिमोट फडताळात ठेवला. त्या खोलीत आता कोणी झोपत नाही. अप्पा गच्चीवर झोपतात, त्या बंद युनिटच्या शेजारी. दिवाळीनंतर मी मुद्दाम जाऊन गेज लावून बघितला. प्रेशर होतं तेवढंच. कणभर गॅस गळलेला नाही. असं काम मी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं.

नवीन मुलं विचारतात, आजी, ह्या गॅससाठी कुठली हत्यारं घ्यावीत? मी वर लिहिलीत ती सांगते. ॲडाप्टर घेऊ नका, हेही सांगते. आणि एक जास्तीचं. शिवरात्रीला अप्पा म्हणाले होते, "एसी घ्यायचाय, पर आत्ता थंडीत कशाला? उन्हाळ्यात बगू." मीही म्हणाले होते, हो हो, बघू. घाम आल्याशिवाय आपल्याकडं कोणी एसी घेत नाही आणि गिऱ्हाईक आल्याशिवाय कोणी हत्यार घेत नाही.

हत्यार थंडीत घ्यावं.