भट्टी निवेपर्यंत

श्रीपाद गेल्याचं मला त्याचं तेरावं झाल्यावर कळलं, तेही मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. जोडलेल्या हातांच्या रांगेत त्याचा फोटो. सात महिने आजारी होता म्हणे. माझ्या होसकोटेहून त्याचं येलहंका काही परदेशात नाही, एकाच शहराची दोन टोकं... तरी मला कोणी कळवलं नाही. महिना उलटला, राग गेलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहायचं असतं, ते मला जमणार नाही.

मी निपाणीहून इकडे आलो तेव्हा लॉऱ्यांवर हमाली करायचो. आज होसकोटेच्या औद्योगिक भागात माझं भंगाराचं गोदाम आहे. मोडीत निघालेल्या बॉयलरच्या, आग सोसणाऱ्या विटा तिथे असतात आणि त्यासाठीच श्रीपाद पहिल्यांदा आला. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेला पुण्याचा इंजिनिअर, मातीची भांडी करायचं वेड लागलेला. सवयीने मी दुप्पट भाव सांगितला. तो "बरं" म्हणाला. घासाघीस न करणाऱ्या गिऱ्हाइकाचा मला संताप येतो. मग तो उकिडवा बसला, एकेक वीट बोटाने वाजवून आवाज ऐकत राहिला आणि तीनशेतल्या साठच घेतल्या. हा आपल्यापेक्षा पक्का आहे, हे मला तेव्हाच कळलं.

तो घराच्या गच्चीवर राकू करायचा. लालबुंद भांडं चिमट्याने भट्टीतून काढायचं, भुशाच्या पिंपात ठेवायचं आणि झाकण लावायचं. आत धूर कोंडला की झिलईच्या बारीक भेगांत काळ्या रेषा उमटतात. सोसायटीने धुराची तक्रार केली, तेव्हा मीच म्हटलं, माझ्या गोदामामागे जागा आहे, लाकडाची मोठी भट्टी बांध. लाकूडही माझंच, जुन्या खोक्यांचं. चार वर्षं आम्ही दोघांनी आळीपाळीने तिच्यात लाकूड सारलं. उडालेली राख भांड्यांवर बसते आणि तिचीच झिलई होते, हे मी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी शिकलो. शेवटी दार विटांनी चिणायचं, मातीने लिंपायचं आणि भट्टी निवेपर्यंत, म्हणजे चांगले तीन-चार दिवस, हात लावायचा नाही. ते दिवस मला सोसायचे नाहीत. "सदा, स्वल्प थांब रे," तो म्हणायचा. त्याचं कन्नड तेवढंच.

शेवटच्या भट्टीत पाच महिन्यांचं काम होतं. त्याचं पहिलंच प्रदर्शन ठरलं होतं, त्यासाठी केलेले सहा रांजण. मी त्याला न विचारता व्हाइटफील्डच्या एका हॉटेलवाल्याला त्यातले दोन कबूल केले होते. दार लिंपल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो हॉटेलवाला बघायला आला आणि मी दाराच्या चार विटा काढून आत टॉर्च मारला. गार हवा आत शिरली. टिण... टिण... असा आवाज यायला लागला. मी घाईने विटा बसवल्या, वरून ओली माती फासली आणि गप्प बसलो.

श्रीपादने दार उघडलं तेव्हा सगळे रांजण उभे चिरलेले होते. काढलेल्या विटांवर माझ्या मातीचं ठिगळ होतं, त्यावरून त्याने अंगठा फिरवला.

"लाकूड ओलं असेल," तो म्हणाला.

तो शिव्या देईल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्याने दिल्याच नाहीत, म्हणून मीच भडकलो. माझं लाकूड ओलं? तुझी भट्टीच फालतू आहे, परत इथे पाय ठेवू नकोस... आणखी बरंच बोललो. त्याने चिमटा आणि हातमोजे पिशवीत भरले आणि निघून गेला. तीन वर्षं मी वाट पाहिली, की कधीतरी हा खरं काय ते तोंडावर बोलेल. फोन त्याने केला नाही. मीही केला नाही.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. मला कळवायला हवं होतं, असं त्याच्या बायकोला, मीनावहिनींना, जरा चढ्या आवाजातच म्हणालो.

"तुम्हीच बाहेर काढलंत ना त्यांना, भावजी?" त्या म्हणाल्या आणि त्याची भट्टीची वही माझ्यापुढे ठेवून चहा करायला आत गेल्या.

प्रत्येक भट्टीची नोंद, इंजिनिअरच्या अक्षरात. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'दुसऱ्या दिवशी दार उघडलं गेलं. सगळं गेलं.' कोणी उघडलं ते नव्हतं. खाली वेगळ्या शाईत: 'पुढच्या वेळी, दार लिंपलं की सदाला चार दिवस निपाणीला धाडणे. काहीतरी कारण काढावे.'

पुढची पानं कोरी होती.

म्हणजे पुढची वेळ होती. ती त्याने वहीला सांगितली, मला नाही. एवढा शहाणा माणूस, आणि मला एक शिवी देता आली नाही त्याला. यासाठी मी त्याला माफ करणार नाही.

भट्टी अजून गोदामामागे आहे. तिच्या विटा मागायला दोघेजण येऊन गेले. आत चिरलेले रांजण त्याने सोडले तसेच उभे आहेत. तिकडे मी कोणाला जाऊ देत नाही.